मेदिनीपूरच्या सालवनातले बी-२९ विमानतळ : वर्षभरात का सोडून दिले?

सालवाट :

खडगपूरहून झाडग्राममार्गे टाटानगरकडे जाणाऱ्या रेल्वेच्या आसपास, सालाच्या जंगलात, दुसऱ्या महायुद्धातले काही विमानतळ पडून आहेत. कामानिमित्त त्या भागात राहणे झाले, तेव्हा त्यांपैकी चाकुलियाची धावपट्टी पाहता आली. काँक्रीटचे मोठे चौकोन, त्यांच्या सांध्यांतले डांबर उन्हाने तडकून त्यातून उगवलेले गवत, आणि जागोजागी वरचा थर झिजून उघडी पडलेली खडी, अशी तिची आजची अवस्था आहे. विस्तार मात्र एवढा आहे की एका टोकाला उभे राहिल्यास दुसऱ्या टोकाचा माणूस ओळखू येत नाही. ज्या काळात आपल्याकडच्या बहुतेक गावांना पक्की सडक नव्हती, त्या काळात एवढे काँक्रीट या जंगलात कोणी आणि कशासाठी ओतले, हा प्रश्न तेव्हापासून मनात आहे.

ब्रह्मदेशाची आघाडी इंफाळ-कोहिमा आणि आराकानकडे होती, म्हणजे इथून बरीच दूर. मग विमानतळ इतके मागे का बांधले? ते अमेरिकनांनी बांधले असे ऐकतो, पण युद्ध संपण्याआधीच ते सोडून का गेले? आणखी एक गोष्ट : स्टेशनाबाहेरच्या चहावाल्याने मला छातीठोकपणे सांगितले की जपानवर अणुबॉम्ब टाकणारे विमान इथूनच उडाले होते. यात तथ्य किती? जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

विमानवेडा :

सालवाट, आपण पाहिलेली धावपट्टी ब्रह्मदेशाच्या लढाईसाठी नव्हे, तर थेट जपानवर बॉम्बफेक करण्यासाठी सज्ज केली गेली होती. हे एकदा ध्यानात आले की जागा हीच का, याचे उत्तर मिळते आणि ती सोडली का, याचेही.

बी-२९ सुपरफोर्ट्रेस हे त्या काळचे सर्वांत मोठे आणि सर्वांत लांब पल्ल्याचे बॉम्बफेकी विमान होते. पंखांचा विस्तार सुमारे ४३ मीटर, अकरा जणांचा ताफा, प्रत्येकी २,२०० अश्वशक्तीची चार इंजिने आणि उड्डाणाच्या वेळचे वजन साठ टनांच्या घरात. १९४३च्या अखेरीस हे विमान तयार होत आले, तेव्हा जपान ज्याच्या टप्प्यात येईल असे पॅसिफिकमधले एकही बेट अमेरिकेच्या हाती नव्हते. चीनमध्ये जागा होती, पण तिथे माल पोहोचवायचा कसा? समुद्रकिनारा जपान्यांकडे, आणि ब्रह्मदेशातून चीनला जाणारा रस्ता १९४२मध्येच तुटलेला. म्हणून दोन टप्प्यांची योजना ठरली आणि तिला ‘मॅटरहॉर्न’ असे सांकेतिक नाव मिळाले. विमानांचे कायमचे घर बंगालमध्ये, तिथून हिमालयाची पूर्वेकडची रांग ओलांडून चीनमधील चेंगडू, तिथे इंधन भरून जपान, आणि परत त्याच वाटेने घरी. कलकत्त्याच्या परिसरात चार विमानतळ मिळावेत यासाठी नोव्हेंबर १९४३मध्ये खुद्द रूझवेल्ट यांनी चर्चिल यांना लिहिले होते.

कलकत्त्याच्या पश्चिमेचा हा पट्टा निवडण्याची कारणे व्यवहाराची होती. कलकत्त्याचे बंदर जवळ, बंगाल नागपूर रेल्वेचा मुख्य मार्ग दाराशी, जपानी विमानांचा धोका पूर्वेकडच्या मानाने कमी, आणि पाया म्हणून तांबडा, कठीण मुरूम. कोकणातल्या जांभ्याच्या पठारावर जो चालला असेल, त्याला मेदिनीपूरच्या पश्चिम भागातली जमीन परकी वाटणार नाही. शिवाय आधीच्या बॉम्बफेकी विमानांसाठी इथे सहा हजार फुटी धावपट्ट्या केलेल्या होत्या. त्या वाढवून साडेसात हजार फुटांच्या करण्यात आल्या. चाकुलियाला बी-२९ विमानांचा ४० वा बॉम्बफेकी गट, खडगपूरला ४६८ वा, पियारडोब्याला ४६२ वा, आणि ४४४ वा गट आधी पुरुलियाजवळच्या छर्रा येथे व दुधकुंडी तयार झाल्यावर तिथे, अशी वाटणी झाली. पहिले बी-२९ चाकुलियाला उतरले ते २ एप्रिल १९४४ रोजी.

एप्रिलमध्ये बंगालात उतरण्याचा मुहूर्त काही बरा नव्हता. या विमानाचे राइट कंपनीचे इंजिन अजून पुरते बाळसे धरलेले नव्हते, ते तापून पेट घेई, आणि त्यात हा उन्हाळा. भारताकडे येत असतानाच कराचीजवळ काही विमाने याच कारणाने कोसळली. इकडे दुपारी विमानाच्या पत्र्याला हात लावणे अशक्य होई, त्यामुळे दुरुस्तीची कामे पहाटे आणि रात्री उरकावी लागत.

खरी मेख मात्र इंधनाची होती. चेंगडूला लागणारा पेट्रोलचा प्रत्येक थेंब विमानानेच न्यावा लागे. खडगपूरपासून चेंगडू सुमारे १,९०० किलोमीटर. बंदुका उतरवून टँकर बनवलेले बी-२९ एका खेपेत सातएक टन इंधन तिकडे उतरवू शके, आणि तेही वारा आणि ढग यांनी साथ दिली तर. एका विमानाने जपानवर एकदा जाऊन यावे, यासाठी त्याच जातीच्या विमानाच्या साधारण सहा खेपा आधी माल वाहण्यात खर्ची पडत. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात, तो हिशेब इथे अक्षरशः खरा होता. एवढे करून चेंगडूहून टप्प्यात येई ते जपानच्या दक्षिणेचे क्यूशू बेट आणि त्याच्या आसपासचा भाग; टोकियो नाहीच.

५ जून १९४४ रोजी बँकॉकवर पहिली मोहीम झाली. ९८ विमाने उडाली, ७७ लक्ष्यापर्यंत पोहोचली, पाच गमावली, आणि त्यांपैकी एकही शत्रूच्या विमानाने पाडलेले नव्हते. १५ जूनच्या रात्री क्यूशूवरील यावाता पोलाद कारखान्यावर हल्ला झाला. १९४२मध्ये डूलिटल यांच्या अमेरिकन विमानांनी घातलेल्या छाप्यानंतर जपानच्या मुख्य भूमीवर पडलेले हे पहिले बॉम्ब. प्रत्यक्ष नुकसान मात्र नगण्य. आता योगायोग पाहा : त्याच १५ जूनला अमेरिकन सैन्य सायपान बेटावर उतरले. सायपान, टिनियन, ग्वाम ही मारियाना बेटे हाती आली तेव्हा टोकियो सुमारे २,४०० किलोमीटरवर आले आणि इंधन थेट जहाजाने धावपट्टीपर्यंत पोहोचू लागले. २४ नोव्हेंबर १९४४ रोजी सायपानहून टोकियोवर हल्ला झाला, आणि चाकुलिया-पियारडोब्याचे भवितव्य त्या दिवशी ठरल्यातच जमा झाले. जानेवारी १९४५मध्ये चेंगडूचे तळ सोडण्यात आले. पुढचे दोन-अडीच महिने ही विमाने बंगालहूनच रंगून, बँकॉक, सिंगापूर या बाजूला जात राहिली. मार्चअखेर सिंगापूरच्या बुकोम बेटावरील तेलसाठ्यांवर शेवटची मोहीम झाली आणि चारही गट टिनियनच्या वेस्ट फील्डवर हलले. एकंदर ४९ मोहिमा. त्यांतल्या खास जपानवरच्या अवघ्या नऊ.

या तळांवर ना दिल्लीची हुकमत होती ना श्रीलंकेत कँडीला बसलेल्या, आग्नेय आशियातील दोस्त सैन्याचे सेनापती माउंटबॅटन यांची. बी-२९ विमाने ज्याच्याकडे होती ते विसावे हवाई दल थेट वॉशिंग्टनहून, अमेरिकन हवाई सेनेचे प्रमुख जनरल आर्नल्ड यांच्या हाताखाली चाले. त्यामुळे निर्णय झाला तेव्हा निघायला वेळ लागला नाही.

जुनी पाने :

विमानवेडा यांनी इंधनाचा हिशेब उत्तम मांडला आहे. मला त्यात माणसांचा हिशेब जोडायचा आहे, कारण ‘कोणी बांधले’ हा सालवाट यांचा प्रश्न अजून तसाच राहिला आहे.

१९४४च्या वसंतात या कामावर सुमारे ६,००० अमेरिकन सैनिक आणि २७,००० भारतीय मजूर होते. यंत्रे अमेरिकन, पण खडी फोडणे, घमेल्यांनी मुरूम वाहणे, काँक्रीटवर पाणी मारणे ही कामे मजुरांच्या, त्यातही मोठ्या प्रमाणावर बायकांच्या अंगावर होती. हे मजूर कोणत्या दिवसांतून आलेले होते हे विसरता कामा नये. १६ ऑक्टोबर १९४२च्या चक्रीवादळाने मेदिनीपूरचा किनारा धुऊन नेला होता. जपानी आले तर त्यांच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने किनाऱ्यावरच्या होड्या आधीच जप्त केल्या होत्या. आणि १९४३चा बंगालचा दुष्काळ या जिल्ह्याला विशेष कठोरपणे भोवला. विमानतळावरची रोजंदारी ही त्या साली अनेकांसाठी जगण्याची तजवीज होती, हे जितके खरे, तितकेच हेही खरे की पोटाला अन्न नसलेल्या जिल्ह्यात त्याच महिन्यांत काँक्रीट, पोलाद आणि पेट्रोल यांच्या गाड्यांमागून गाड्या येत होत्या.

मराठी वाचकांना या जिल्ह्याची आणखी एक ओळख सांगायला हवी. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार चालू होते, त्याच काळात मेदिनीपूरच्या पूर्व भागात तमलुकचे ‘ताम्रलिप्त जातीय सरकार’ (बंगालीत ‘जातीय’ म्हणजे राष्ट्रीय) उभे होते. १७ डिसेंबर १९४२ रोजी स्थापन झालेले हे समांतर सरकार १९४४च्या उत्तरार्धापर्यंत टिकले. म्हणजे एकाच जिल्ह्याच्या एका बाजूला ब्रिटिश राज्य न मानणारी न्यायदानाची यंत्रणा, आणि दुसऱ्या बाजूला जपानकडे झेपावणारी बी-२९ विमाने.

बांधकामाच्या अमेरिकन तुकड्यांबद्दलही लिहितो, कारण त्यांच्यातल्या एका तुकडीची कहाणी फारशी कोणाला माहीत नसते. ८५३ वी एव्हिएशन इंजिनिअर बटालियन याच भागातल्या धावपट्ट्यांच्या कामासाठी निघाली होती. ती ज्या ‘रोहना’ आगबोटीवर होती ती ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची, खलाशी बहुतांश भारतीय, आणि मुक्काम मुंबई. २६ नोव्हेंबर १९४३ रोजी अल्जीरियाच्या किनाऱ्याजवळ जर्मन विमानाने सोडलेला, दुरून नियंत्रित होणारा बॉम्ब तिला लागला आणि ती बुडाली. हजारावर अमेरिकन सैनिक गेले, आणि त्यांच्याबरोबर शंभराहून अधिक खलाशी व अधिकारी. असले शस्त्र शत्रूकडे आहे हे जाहीर होऊ नये म्हणून ही बातमी दीर्घकाळ दाबून ठेवण्यात आली. बटालियनची निम्म्याहून अधिक माणसे भूमध्य समुद्रातच संपली.

मुंबईचा संबंध एवढ्यावर संपत नाही. विमाने आफ्रिकेमार्गे उडत आली, पण जमिनीवरच्या कामाची माणसे जहाजांनी आली आणि त्यांतली बरीच मुंबईला उतरली. तिथून नागपूरपर्यंत जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे आणि पुढे बंगाल नागपूर रेल्वे, असा उभा देश कापत जाणारा प्रवास. ऐन उन्हाळ्यात लाकडी बाकांवर बसून विदर्भातून गेलेल्या त्या सैनिकांना हिंदुस्थानचे पहिले दर्शन कसे वाटले असेल, याची कल्पना आपल्याला करता येते.

सालवाट :

दोघांचेही आभार. विमानवेडा, अणुबॉम्बच्या आख्यायिकेबद्दल आपण लिहिले नाहीत. चहावाला अगदीच हवेत बोलत नसावा असे मला वाटते, कारण हीच गोष्ट मी खडगपूरलाही ऐकली. शिवाय या दलाचे मुख्यालय नेमके कुठे होते? हिजलीचे नाव काही जण घेतात, पण हिजली म्हटले की मला राजबंद्यांची छावणी आठवते.

खडगपूरकर :

हिजलीचे उत्तर मी देतो. तिथे शिकलो आहे. दोन्ही गोष्टी एकाच इमारतीच्या आहेत. मनोरा असलेली ही इमारत सरकारने १९३०मध्ये राजबंद्यांसाठी वापरात आणली. १६ सप्टेंबर १९३१ रोजी पोलिसांनी इथल्या निःशस्त्र बंद्यांवर गोळीबार केला, त्यात संतोषकुमार मित्र आणि तारकेश्वर सेनगुप्त हे दोघे ठार झाले, आणि रवींद्रनाथ ठाकुरांनी कलकत्त्यात जाहीर सभा घेऊन त्याचा धिक्कार केला. १९४२मध्ये छावणी बंद झाली, कैदी दुसरीकडे हलवले गेले, आणि १९४४मध्ये अमेरिकेच्या विसाव्या बॉम्बर कमांडचे, म्हणजे बंगालमधल्या या चारही गटांचे, मुख्यालय त्याच भिंतींमध्ये आले. यावाताच्या हल्ल्याची आखणी करणारे अधिकारी आणि ऑगस्ट १९४४च्या अखेरीस कमांडची सूत्रे हाती घेणारे जनरल कर्टिस लमे हे सगळे या तुरुंगात बसून काम करत होते, असे म्हटले तरी चालेल. युद्धानंतर पहिल्या आय.आय.टी.साठी जागा शोधताना ही रिकामी इमारत पुढे आली आणि १९५१मध्ये संस्थेचे उद्घाटन झाले. आज ती शहीद भवन म्हणून ओळखली जाते; तिथे विज्ञान-तंत्रज्ञानाचे संग्रहालय आहे. हुतात्म्यांची आठवण तिथे योग्य रीतीने जपली आहे; अमेरिकन पर्वाचा उल्लेख मात्र बहुतेकांच्या बोलण्यात येत नाही, आणि मला स्वतःला त्याचे फारसे नवल वाटत नाही. ज्या भिंतीवर आपली माणसे गोळ्यांना बळी पडली, तिथे परक्यांच्या वर्षभराच्या वास्तव्याला दुय्यम जागाच मिळणार.

४६८ व्या गटाची खडगपूरची धावपट्टी म्हणजे सलुआची. तिथे आता ईस्टर्न फ्रंटियर रायफल्सचे ठाणे आहे. ‘सोडून दिलेले’ हे वर्णन सगळ्याच तळांना लागू नाही, हेही नमूद करतो. दुधकुंडीच्या जागी भारतीय हवाई दलाचे सरावाचे क्षेत्र आहे. शेजारचे कलाईकुंडा हेही युद्धकाळातलेच, आणि ते तर आजही पूर्ण चालते हवाई ठाणे आहे. ७ सप्टेंबर १९६५ रोजी ढाक्याहून आलेल्या पाकिस्तानी सेबर लढाऊ विमानांनी त्यावर हल्ला केला होता आणि त्यावेळी आकाशात झालेली चकमक अजूनही सांगितली जाते.

विमानवेडा :

अणुबॉम्बबद्दल. हिरोशिमा आणि नागासाकीवर गेलेली विमाने ५०९ व्या संमिश्र गटाची होती आणि ती टिनियनच्या नॉर्थ फील्डवरून उडाली. त्या गटाचा बंगालशी काहीही संबंध नाही. बंगालमधले चारही गट टिनियनवर गेले खरे, पण त्याच बेटाच्या दुसऱ्या विमानतळावर, आणि साध्या बॉम्बफेकीसाठी.

तरीही ही आख्यायिका कुठून आली असावी याचा माझा एक अंदाज आहे. १० ऑगस्ट १९४४च्या रात्री, म्हणजे अणुबॉम्बच्या जवळजवळ एक वर्ष आधी, बंगालच्या याच गटांची विमाने चेंगडूहून नागासाकीवर गेली होती आणि त्यांनी तिथे स्फोटक व आग लावणारे साधे बॉम्ब टाकले होते. त्याच रात्री दुसरी तुकडी श्रीलंकेतल्या चायना बे येथून उडून सुमात्रातल्या पालेमबांगच्या तेलशुद्धीकरण कारखान्यावर गेली. ‘इथली विमाने नागासाकीवर गेली होती’ हे वाक्य त्या काळी तळावर काम केलेल्या कोणीही खरेपणाने सांगू शकला असता. वर्षभराने नागासाकीचे नाव जगभर गाजले तेव्हा ऐकणाऱ्याने उरलेले जोडून घेतले असावे.

जपानच्या विनाशाशी या तळांचे नाते शोधायचेच असेल तर ते दुसरीकडे सापडते. १८ डिसेंबर १९४४ रोजी लमे यांनी इथल्या ८४ विमानांनिशी चीनमधल्या, जपान्यांच्या ताब्यातील हांकौवर आगीचे बॉम्ब टाकले आणि गोदी व गोदामांचा भाग जळून गेला. जानेवारीत ते मारियानाला गेले, आणि ९ मार्च १९४५च्या रात्री तोच प्रकार टोकियोवर, कित्येक पटींनी मोठा करून, अमलात आणला गेला.

आणखी एक धागा रशियाकडे जातो. इथल्या गटांची तीन बी-२९ विमाने बिघाड किंवा इंधनाअभावी परत फिरू न शकल्याने व्लादिवोस्तोकजवळ उतरली. सोव्हिएत संघ तेव्हा जपानशी युद्धात नव्हता, म्हणून त्याने ती ठेवून घेतली. वैमानिकांना पुढे गुपचूप सोडून देण्यात आले. विमाने परत दिली गेली नाहीत. खडगपूरच्या ४६८ व्या गटाचे एक विमान स्क्रू-स्क्रू सुटा करून मोजण्यात आले आणि त्यावरून सोव्हिएत विमानरचनाकार तुपोलेव्ह यांच्या कार्यालयाने टीयू-४ हे बॉम्बफेकी विमान तयार केले, जे ऑगस्ट १९४७मध्ये मॉस्कोजवळ जगाला दिसले. सोव्हिएत संघाच्या पहिल्या लांब पल्ल्याच्या अणुबॉम्बवाहू विमानाचा नमुना सलुआच्या धावपट्टीवर उभा राहिलेला होता, ही गोष्ट चहावाल्याच्या गोष्टीपेक्षा मला अधिक विलक्षण वाटते.

टाटानगरी :

माझे सारे आयुष्य जमशेदपुरात गेले आणि चाकुलिया आमच्याच पूर्व सिंहभूम जिल्ह्यात येते, म्हणून दोन शब्द. विमानवेडा यांचे लिखाण वाचून ही सारी खटपट वायाच गेली असे वाचकांना वाटेल, आणि तेवढ्यापुरता माझा मतभेद आहे. बी-२९ हे नवे, अर्धेकच्चे यंत्र होते. त्याच्या इंजिनाच्या खोडी कशा काढायच्या, मोठी फळी हवेत कशी बांधायची, बॉम्ब कसे भरायचे, हे सगळे धडे इथे गिरवले गेले, आणि त्यांची किंमत इथेच मोजली गेली. १४ डिसेंबर १९४४ रोजी चाकुलियाचा ४० वा गट रंगूनवर गेला तेव्हा वेगवेगळ्या वजनाचे बॉम्ब एकत्र भरलेले होते. ते सुटल्यावर विमानांच्या पोटाखालीच एकमेकांवर आपटून फुटले, आणि वाचलेले वैमानिक रंगूनच्या तुरुंगात पडले. पुढच्याच महिन्यात चाकुलियाच्या तळावर बॉम्ब हाताळताना स्फोट होऊन माणसे दगावली. मारियानाला गेलेल्यांना हे नव्याने शिकावे लागले नाही.

आता पाहायला जाणाऱ्यांसाठी. चाकुलिया मुंबई-हावडा मार्गावरच आहे, पण लांब पल्ल्याच्या जलद गाड्या तिथे सहसा थांबत नाहीत. टाटानगरला किंवा खडगपूरला उतरून लोकल घ्यावी. सुगीच्या दिवसांत गेलात तर धावपट्टीवर भात वाळत घातलेले दिसेल, त्यातून गाडी घालू नये, गावकऱ्यांना ते आवडत नाही. पियारडोबा खडगपूर-बांकुडा मार्गावर, विष्णुपूरच्या अलीकडे आहे. स्टेशनवर उतरून वाट विचारावी, आणि तो हत्तींचा भाग असल्याने संध्याकाळ होण्याआधी जंगलातून बाहेर पडावे. छर्रा पुरुलियापासून जवळ आहे आणि मोकळे असल्यामुळे एकूण रचना समजायला सर्वांत सोपे. दुधकुंडी, कलाईकुंडा आणि सलुआ येथे कुंपणाजवळ छायाचित्रे काढण्याचा मोह आवरावा. दुधकुंडीला आजही विमाने प्रत्यक्ष मारा करण्याचा सराव करतात, त्यामुळे त्या हद्दीत पाऊल टाकणे हे नियमभंगापेक्षा जिवाच्या दृष्टीने अधिक धोक्याचे आहे.